‘पुरे’ कोणी म्हणायचं? समुद्र, वाढ आणि किनाऱ्यावरची माणसं

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘समुद्र आणि आर्थिक वाढीचे पर्याय’ असा छापला आहे. ऐकायला जरा बोजड आहे खरा, पण त्याच्या पोटात एक अगदी घरगुती प्रश्न आहे. आपल्या भाषेत ‘वाढणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ होतात. झाड वाढतं आणि ताटातही वाढतात. ताटात वाढणारा थांबेना, तर जेवणारा हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणतो. घरात हा शब्द आपण रोज वापरतो. देशाच्या अर्थकारणात मात्र ‘वाढ’ आहे आणि ‘पुरे’ नाही. समुद्राच्या बाबतीत हा शब्द कोणी उच्चारला, कधी उच्चारला, आणि तो थोडाफार कायद्यात कसा उतरला, हा इतिहास आज सांगायचा आहे.

मी अर्थशास्त्राचा माणूस नाही. मत्स्यशास्त्राचा तर नाहीच. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे एक सवय लागली आहे: एखादी कल्पना सगळ्यांना स्वयंसिद्ध वाटायला लागली, की ती कधी जन्मली आणि कोणाच्या सोयीसाठी जन्मली, हे विचारायचं.

आता सध्या सगळीकडे ऐकू येणारा शब्द घ्या: ‘नील अर्थव्यवस्था’. २०१२ मध्ये रिओ दि जानेरोला संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, त्या सुमारास हा शब्द रुळला. बंदरं, जहाजं, पर्यटन, तेल आणि वायू, समुद्रतळाची खनिजं, मत्स्यशेती, मासेमारी, या सगळ्यांची बेरीज म्हणजे नील अर्थव्यवस्था. बेरीज दरवर्षी मोठी व्हावी ही अपेक्षा. या बेरजेची रीत नीट बघा. लिलावात आलेला मासा हिशेबात येतो. अंडी घालायला समुद्रात राहिलेला मासा हिशेबात येत नाही. दोन महिने होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या, तर हिशेबात ते दोन महिने रिकामे दिसतात. म्हणजे ज्या गोष्टीमुळे पुढच्या वर्षी मासा मिळणार, तीच गोष्ट वाढीच्या वहीत शून्य म्हणून नोंदली जाते. हा कोणा एका सरकारचा दोष नाही. वहीच तशी आखली आहे. ती कशी आखली गेली, ते आधी बघू.

सुरुवात आपल्याच दर्यापासून होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर हक्क सांगितला. त्यांचा परवाना, म्हणजे ‘कार्ताझ’, घेतल्याशिवाय कोणी व्यापारी गलबत हाकायचं नाही, असा दंडक होता. पुढे डच आले. १६०३ मध्ये सिंगापूरजवळ डचांनी ‘सांता कातारिना’ नावाचं पोर्तुगीज जहाज मालासकट पकडलं. या पकडीचं समर्थन करायला डच कंपनीला वकील हवा होता. तो मिळाला ह्यूगो ग्रोशियस. त्याच्या मांडणीतलं एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’, म्हणजे ‘मुक्त समुद्र’, या नावाने स्वतंत्र छापलं गेलं. त्याचा मुद्दा असा: जमीन कुंपण घालून ताब्यात घेता येते, समुद्र घेता येत नाही. शिवाय एकाने वापरल्याने दुसऱ्याला समुद्र कमी पडत नाही. जहाजं कितीही जावोत, मासे कितीही पकडोत. म्हणून समुद्र सर्वांचा.

पोर्तुगीजांच्या मक्तेदारीविरुद्ध हा युक्तिवाद न्याय्य वाटतो, आणि काही अंशी तो होताही. पण त्यात एक गृहीतक अलगद सरकवलं आहे: समुद्र संपत नाही. विल्यम वेलवुड नावाच्या स्कॉटिश कायदेपंडिताने १६१३ मध्येच याला हरकत घेतली. जहाजांच्या येण्याजाण्याबद्दल तुमचं म्हणणं ठीक आहे; मासळीचं तसं नाही, आमच्या किनाऱ्यावर ती कमी होताना दिसते आहे, असं त्याचं म्हणणं. चारशे वर्षांपूर्वीचा हा वाद. ग्रोशियस सगळ्यांच्या लक्षात राहिला, वेलवुडला फक्त अभ्यासक ओळखतात.

एकोणिसाव्या शतकात या गृहीतकाला विज्ञानाचा आधार मिळाला. थॉमस हक्स्ली, डार्विनचा खंदा पाठीराखा, ब्रिटनच्या १८६३ च्या मासेमारी आयोगावर होता. आयोगाने बहुतेक सगळे निर्बंध उठवायची शिफारस केली. पुढे १८८३ मध्ये लंडनच्या मत्स्य प्रदर्शनात हक्स्लीने सांगितलं की कॉड, हेरिंगसारखी मोठी समुद्री मासेमारी बहुधा संपणारी नाही. माणूस पकडतो तो वाटा नगण्य आहे. हक्स्ली मूर्ख नव्हता. शिडाच्या होड्या आणि गळ यांच्या काळात हे विधान पटण्यासारखं होतं. पण नेमक्या त्याच दशकात वाफेच्या ट्रॉलरबोटी पाण्यात उतरत होत्या. साधन बदललं, विधान तसंच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर नवी कल्पना आली: ‘कमाल शाश्वत उत्पादन’. अमेरिकेने १९४९ मध्ये ती आपल्या मत्स्यधोरणात घेतली, पुढे आंतरराष्ट्रीय परिषदांत ती मान्य झाली आणि १९८२ च्या समुद्रविषयक करारात जाऊन बसली. कल्पना सोपी आहे. माशांचा साठा अगदी भरलेला असतो तेव्हा नवी भर थोडी पडते. साठा मध्यम असतो तेव्हा भर सर्वात जास्त पडते. मग साठा तिथेच ठेवा आणि दरवर्षीची भर काढून घ्या. मुद्दल शाबूत, व्याज आपलं. बँकेतल्या ठेवीसारखं. अडचण एवढीच की समुद्र म्हणजे बँक नव्हे. तिथे व्याजाचा दर दरवर्षी बदलतो, मुद्दल किती आहे हे कोणाला दिसत नाही, आणि एक खातं दुसऱ्या खात्याला खातं. पीटर लार्किन या कॅनडाच्या शास्त्रज्ञाने १९७७ मध्ये या कल्पनेचा मृत्युलेखच लिहिला, तरी ती मेली नाही. कारण तिच्यात ‘शाश्वत’ हा शब्द आहे आणि ‘कमाल’ हाही आहे. पहिल्याने मन शांत होतं, दुसऱ्याने धंदा चालू राहतो.

याचा शेवट कसा होतो, ते कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने पाहिलं. तिथला कॉड मासा शतकानुशतकं किनाऱ्यावरच्या गावांना पोसत होता. युरोपातून अजस्र ट्रॉलर आले आणि १९६८ मध्ये एका वर्षात सुमारे ८ लाख टन कॉड निघाला. कॅनडाने १९७७ मध्ये २०० सागरी मैलांची हद्द आखून परक्यांना बाहेर काढलं, आणि मग स्वतःचे ट्रॉलर वाढवले. किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे ऐंशीच्या दशकात सांगत होते, मासा कमी झाला, लहान झाला. सरकारी अंदाज मात्र मोठ्या बोटींच्या पकडीवर बराचसा बेतलेला होता, आणि मोठ्या बोटींना मासा मिळतच होता. का? कारण उरलेला मासा जिथे गोळा होतो तिथे त्या यंत्राच्या मदतीने नेमक्या पोहोचत होत्या. म्हणजे साठा संपत असताना पकड चांगली दिसत होती. २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार माणसांचं काम गेलं. किनाऱ्यावरचं म्हणणं आधीच ऐकलं असतं, तर बंदी थोडी थोडी आणि माणसांना सांभाळून आणता आली असती.

इथे कोणी म्हणेल, दोष सामायिक मालकीचा आहे. सगळ्यांचं ते कोणाचंच नाही. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये हेच मांडलं, आणि त्यावरून अनेकांनी उपाय काढला की समुद्राचे हिस्से करून ते विकता येतील असे कोटे द्या. पण हार्डिन ज्याला सामायिक म्हणत होते ते खरं तर बेवारस होतं. गावाची सामायिक वस्तू बेवारस नसते, तिला नियम असतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या या गावाचं उदाहरण दिलं आहे. तिथे शंभरएक मच्छीमार. दर सप्टेंबरला नावांची यादी होते, मासेमारीच्या जागांची यादी होते, चिठ्ठ्या टाकून प्रत्येकाला जागा मिळते. मग सप्टेंबर ते जानेवारी रोज प्रत्येकाने एक जागा पूर्वेला सरकायचं, जानेवारी ते मे एक जागा पश्चिमेला. चांगली जागा प्रत्येकाच्या वाट्याला येते. नियम मोडला तर तिथे ज्याची पाळी आहे तोच पकडतो. २००९ मध्ये ऑस्ट्रॉमना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या कोळीवाड्यांना हे फार नवं वाटू नये. डोलीचे खुंट कोणी कुठे रोवायचे, यावर गावागावांत ठरलेले संकेत आहेत, आणि त्यावरून होणारी भांडणंही तितकीच जुनी आहेत.

आता आपल्या देशात येऊ. १९५२ च्या ऑक्टोबरात नॉर्वे, भारत आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि १९५३ मध्ये कोल्लमजवळ शक्तिकुळंगरा आणि नीण्डकरा या गावांत इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प सुरू झाला. हेतू चांगला होता. मच्छीमारांचं उत्पन्न वाढावं म्हणून इंजिनाच्या बोटी. आणि जगणं सुधारावं म्हणून दवाखाना, पिण्याच्या पाण्याची योजना. हे दोन भाग लक्षात ठेवा, शेवटी त्यांच्याकडे परत यायचं आहे.

त्याच सुमारास कोचीनहून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जायला लागली. त्याआधी कोळंबी वाळवून ब्रह्मदेशात जायची. फार मानाची मासळी नव्हती ती. आता तिला डॉलर मिळू लागले. कोळंबी तळाशी राहते, म्हणून तळ खरवडणारं ट्रॉलचं जाळं आलं. प्रकल्प गावातल्या मच्छीमारासाठी सुरू झाला होता. कोळंबीला भाव आल्यावर मासेमारीशी कधी संबंध नसलेल्यांचं भांडवल बोटींत उतरलं.

ॲरिस्टॉटलने संपत्ती मिळवण्याचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक घर चालवण्यासाठी. त्याला मर्यादा असते, कारण घराच्या गरजेला मर्यादा असते. दुसरा पैशातून पैसा करण्यासाठी. त्याला मर्यादा नाही, कारण पैसा किती म्हणजे पुरे हे पैशाच्या आत कुठेच लिहिलेलं नसतं. कोल्लमच्या किनाऱ्यावर पंधरा-वीस वर्षांत पहिल्या प्रकारातून दुसऱ्यात जाणं घडलं. गाव किती मासा खाईल, शेजारचा बाजार किती घेईल, याला सीमा होती. डॉलरच्या बाजाराला ती नव्हती.

असंच गोव्यात घडलं. रापण आपल्यापैकी अनेकांनी मालवण, वेंगुर्ल्याकडे पाहिली असेल. होडीने अर्धवर्तुळात मोठं जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून वीस-चाळीस माणसांनी ओढायची. ओढायला हात लावणाऱ्याला वाटा. मासा आपणहून किनाऱ्याजवळ येईल तेव्हाच मिळणार, म्हणजे मर्यादा साधनातच होती. ट्रॉलर आणि पर्ससीन किनाऱ्यालगत यायला लागल्यावर मासा रापणीपर्यंत पोहोचेचना. सत्तरच्या दशकात गोव्यातल्या रापणकारांनी आंदोलन उभारलं. मातान्ही साल्ढाणा हे त्यातलं ठळक नाव. मागणी साधी होती: किनाऱ्यालगतचा पट्टा आम्हाला राखून ठेवा. १९७८ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतल्या संघटना एकत्र येऊन राष्ट्रीय मंच झाला, तोच पुढचा नॅशनल फिशवर्कर्स फोरम. या दबावातून राज्याराज्यांत सागरी मासेमारी नियमन कायदे झाले: केरळ आणि गोवा १९८०, महाराष्ट्र १९८१. किनाऱ्याजवळचा पट्टा लहान होड्यांचा, त्यापलीकडचा मोठ्या बोटींचा, ही वाटणी या कायद्यांमुळे शक्य झाली.

केरळात पुढची मागणी काळाची होती. पावसाळ्यात ट्रॉलिंग बंद करा. अनेक जातींचे मासे त्या दिवसांत अंडी घालतात. त्याच वेळी तळ खरवडला तर पुढचं बीजच जातं, असं मच्छीमारांचं म्हणणं. ट्रॉलरमालकांचं उत्तर: पुरावा दाखवा. शिवाय नीण्डकऱ्याला पावसाळ्यातच कोळंबीचा मोठा हंगाम असतो. तो सोडला तर निर्यात घटेल, परकीय चलन बुडेल, बोटींवरच्यांची रोजी जाईल. सरकारने एकामागून एक समित्या नेमल्या: बाबू पॉल समिती, कलावार समिती, बालकृष्णन नायर समिती. वर्षानुवर्षं उपोषणं, मोर्चे, रस्ता रोको झाले. त्यात धर्मगुरू होते, जोगिणी होत्या, आणि मासळी विकणाऱ्या बायका होत्या. अखेर १९८८ मध्ये केरळात पावसाळी ट्रॉलबंदी आली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात न्यायालयाने राज्याचा हा अधिकार उचलून धरला.

मला या वादातला ‘पुरावा दाखवा’ हा भाग सर्वात महत्त्वाचा वाटतो. पुरावा मागणं योग्यच आहे. पण पुरावा कोणी द्यायचा? समुद्राबद्दलचं ज्ञान अपुरं असतं, आणि ते पुढेही बऱ्यापैकी अपुरंच राहणार. मग प्रश्न असा होतो की अज्ञानाचा फायदा कोणाला द्यायचा. वाढीचं तत्त्व म्हणतं, नुकसान सिद्ध होईपर्यंत पकडत राहा. मच्छीमार म्हणत होते, धोका दिसतो आहे तर आधी थांबा. न्यूफाउंडलंडमध्ये पहिलं तत्त्व चाललं. केरळात, निदान वर्षातले काही आठवडे, दुसरं चाललं. विज्ञान विरुद्ध परंपरा असा हा वाद नव्हता. चूक झालीच तर ती कोणाच्या माथी जावी, याचा हा वाद होता. मोठ्या बोटीचा मालक भांडवल काढून दुसऱ्या धंद्यात जाऊ शकतो. रापणकार कुठे जाणार?

आणखी एक लढाई याच काळातली. १९९१ मध्ये केंद्राने खोल समुद्रात परदेशी कंपन्यांबरोबर संयुक्त प्रकल्पांना दार उघडलं. समुद्रविषयक कराराचा आधार होताच: आपल्या हद्दीत आपल्याला पकडता येत नाही तो ‘शिल्लक’ मासा दुसऱ्याला द्यावा. ‘शिल्लक’ या शब्दाकडे बघा. न पकडलेला मासा म्हणजे वाया गेलेला मासा, असं त्यात गृहीत आहे. देशभर संप झाले, १९९५ मध्ये टॉम कोचेरी यांनी पोरबंदरला उपोषण केलं, मुरारी समिती नेमली गेली, तिने परवाने रद्द करायची शिफारस केली, आणि १९९७ मध्ये सरकारने ती स्वीकारली. वाढीच्या एका योजनेला देशातल्या गरिबातल्या गरीब लोकांनी ‘पुरे’ म्हटलं आणि सरकारने ते ऐकलं, असा हा विरळा प्रसंग.

पण गोष्ट इथे गोड करून थांबवली, तर तो इतिहास होणार नाही.

आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी आहे. केंद्राने २०१५ मध्ये ती ४७ दिवसांवरून वाढवली. चांगलंच झालं. पण बंदी वर्षातल्या दिवसांना आहे. बोटींची संख्या, इंजिनाची ताकद, जाळ्याचा आकार उरलेल्या दहा महिन्यांत वाढतच गेला. आणि हे फक्त भांडवलदारांनी केलं असंही नाही. केरळात ट्रॉलरविरुद्ध लढलेल्या पारंपरिक मच्छीमारांनीच ऐंशीच्या दशकापासून आउटबोर्ड इंजिनं लावली, मग रिंगसीनची प्रचंड जाळी घेतली. स्पर्धेत टिकायचं तर दुसरा मार्ग दिसत नव्हता. आपल्याकडे सिंधुदुर्ग-रत्नागिरीत पर्ससीनवरून आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून जो संघर्ष चालतो, त्यात दोन्ही बाजूंना मच्छीमारच आहेत. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनचे महिने मर्यादित केले, केंद्राने २०१७ मध्ये एलईडी मासेमारीवर बंदी घातली. तक्रारी थांबल्या नाहीत.

आकडे काय सांगतात? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदींप्रमाणे देशाची सागरी मासळी १९५० च्या सुमारास पाच-सहा लाख टन होती. २०१२ मध्ये ती ३९.४ लाख टनांवर गेली. २०२३ मध्ये होती ३५.३ लाख टन. म्हणजे बोटी आणि डिझेल वाढत असताना मासा दहा वर्षांत वाढलेला नाही. तारलीचं बघा. केरळात २०१२ मध्ये सुमारे ३.९ लाख टन तारली मिळाली. २०२१ मध्ये मिळाली ३,२९७ टन. यात समुद्राच्या तापमानाचा, प्रवाहांचा मोठा हात आहे. तारली चढउताराचीच मासळी. पण पिल्लं मोठ्या प्रमाणात पकडली गेली, हेही एक कारण शास्त्रज्ञ सांगतात. म्हणून केरळाने २०१५ मध्ये १४ जातींसाठी किमान आकार ठरवला: त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी असा नियम केला. हा नियम तुम्हाआम्हालाही लागू पडतो. बोटाएवढं पापलेट बाजारात स्वस्त मिळालं म्हणून आपण आनंदाने घेतो, तेव्हा ‘पुरे’ म्हणण्याची पाळी आपली असते.

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा की गरीब देशाला वाढ सोडणं परवडणार नाही. याचं उत्तर त्या नॉर्वेच्या प्रकल्पातच आहे. त्याचे दोन भाग होते ना? इंजिनाच्या बोटी एकीकडे. दवाखाना आणि पिण्याचं पाणी दुसरीकडे. पाणी आणि दवाखाना हे गावाचं जगणं सुधारायला थेट उपयोगी. त्यासाठी समुद्रातून दरवर्षी जास्त मासा काढायची अट नव्हती. पुढची चाळीस वर्षं निर्यात वाढली, पण मच्छीमार वस्त्यांचं काय झालं? जॉन कुरियन या अभ्यासकाने १९९५ मध्ये दाखवलं की ज्या केरळचं शिक्षण-आरोग्यासाठी जगभर कौतुक होतं, त्याच केरळात मच्छीमार समाज त्या प्रगतीच्या कडेला राहिला. म्हणजे डॉलर आले, पण ते घरापर्यंत झिरपले नाहीत. वाढीला पर्याय म्हणजे दारिद्र्य नव्हे. वाढ होईल आणि मग पाणी, शाळा, दवाखाना येईल, ही जी रांग आपण लावली आहे, ती मोडायची. या गोष्टी आधी, आणि समुद्रावर त्यांचं ओझं न टाकता.

दुसरा आक्षेप: बंदीच्या दोन महिन्यांत खातं काय? नाखव्याकडे काहीतरी शिल्लक असते. खलाशाचं काय? रत्नागिरीच्या बोटींवर आज नेपाळहून आलेली माणसं कामाला असतात; बंदीत ती गावी जातात, त्यांची नोंद बऱ्याचदा कुठल्याच सहाय्याच्या यादीत लागत नाही. टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणीचं काय? पूर्वी पावसाळ्याच्या आधी सुके बोंबील, जवळा, सोडे यांची बेगमी असायची, होड्या शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन पुन्हा पाण्यात उतरायचं. थांबण्याची सोय त्या जगण्यातच होती. आता थांबण्याचा खर्च सगळ्या समाजाने उचलायला हवा, कारण थांबण्याचा फायदाही सगळ्यांनाच होतो. तो खर्च खलाशाच्या आणि कोळणीच्या पदरात टाकून आपण ‘संवर्धन’ म्हणणार असू, तर ते न्यायाचं नाही.

तिसरा आक्षेप तत्त्वाचा: मर्यादा हवी हे मान्य, ती सरकारने शास्त्रज्ञांना विचारून ठरवावी, मच्छीमार कशाला? यावर मी इतकंच म्हणेन की नियम मोडणारा नेहमी समुद्रात असतो आणि गस्तीची बोट क्वचितच. ज्यांनी नियम केला नाही, त्यांच्याकडून तो पाळला जाण्याची खात्री नाही. अलान्याचा नियम टिकतो, कारण त्यावर पहारा ठेवणारा रोज शेजारीच जाळं टाकत असतो. २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान मासेमारीबद्दल मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, त्यातही किनाऱ्यावरच्या समाजांच्या सहभागावर भर आहे. ती तत्त्वं ऐच्छिक आहेत, त्यामुळे ती अमलात आणायची की नाही हे प्रत्येक देशावर राहिलं आहे.

हे सगळं आज का बोलतो आहे? डहाणूजवळ वाढवणला बंदर होऊ घातलं आहे. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये तिथल्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने, वेगळ्या सदस्यांनिशी, २०२३ मध्ये परवानगी दिली. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. खर्च ७६ हजार कोटी रुपयांच्या वर. बंदर हवं की नको, हा निवाडा मी या व्यासपीठावरून देणार नाही. मी फक्त वही उघडून बघतो. बंदरातून किती माल जाईल, किती नोकऱ्या होतील, याचे रकाने तिथे आहेत. मासेमारीच्या जागा जाणार असतील, तर त्याचा रकाना ‘भरपाई’ असा आहे. म्हणजे त्या जागेची किंमत एकदाच मोजायची, पैसे द्यायचे आणि खातं बंद. पण जी जागा दरवर्षी मासा देते, नातवंडांनाही देणार आहे, तिची किंमत एकदाच कशी मोजणार? आणि ‘नाही’ म्हणण्याचा रकाना त्या वहीत कुठे आहे?

जे. सी. कुमारप्पांनी १९४५ मध्ये, तुरुंगात असताना, ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिलं. खाणीतलं कोळसा-तेल हे साठ्याचं धन; नदी, झाड, जीव यांतून येणारं ते प्रवाहाचं धन, असा त्यांचा भेद. साठ्याच्या धनावरून भांडणं होतात, प्रवाहाच्या धनावर पिढ्या जगतात. मासळी हे प्रवाहाचं धन. आपण ते खाणीसारखं काढतो आहोत.

तेव्हा पर्याय कुठे आहे, असं विचाराल तर तो नव्याने शोधून काढायचा नाही. तो पाच साध्या नियमांत आहे: केव्हा पकडायचं नाही, कुठे पकडायचं नाही, कशाने पकडायचं नाही, वाटा कोणाकोणाला, आणि हे ठरवताना कोण कोण बसणार. पहिले तीन नियम आपल्या कायद्यात आले, लोकांनी ते भांडून आणले. चौथा, वाट्याचा, रापणीबरोबर विरत चालला आहे. पाचवा अजून यायचा आहे. आणि जोवर तो येत नाही, तोवर पहिले तिन्ही पोलिसी नियम राहतील. लोक पळवाटा शोधतील आणि आपण लोकांना दोष देऊ.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखला आहे. किनाऱ्यावरून कोणी आले असतील, तर त्यांनी आधी बोलावं.